लूम थांबले ती दुपार

इथल्या परदेशातल्या प्रयोगशाळेत पंपाच्या तेलाचा, लूमच्या वंगणासारखा वास आला की भिवंडीतली ती दुपार आठवते. याच विद्यापीठातल्या पोस्टडॉकच्या जागेसाठी माझी मुलाखत होती, लॅपटॉपवर, आमच्या यंत्रमागाच्या कारखान्याच्या माळ्यावर. आवाज नको म्हणून बाबांनी भर शिफ्टमध्ये सगळे लूम बंद केले. पण जन्मभर त्या खडखडाटात ओरडून बोललेल्या माणसाला कुजबुजणं कुठलं जमायला! खाली जुन्या कारागिराला त्यांनी हळूच म्हणून सांगितलेलं मला वर लख्ख ऐकू आलं, "ही गेली तर मी जेवू कोनासंगती?" पडद्यावरच्या बाईंनी विचारलं, काय म्हणताहेत ते? मी म्हटलं, शुभेच्छा देताहेत. आता फोनवर बाबा, माझ्या प्रयोगशाळेत आवाज नको म्हणून, जपून, अगदी हळू बोलतात, आणि मी आवाज वाढवत बसते.