आमच्या साडूंचा अंदाज

आमच्या साडूंचा अंदाज आजवर कधी चुकलेला नाही, आणि एखाद्या माणसाबद्दल याहून वाईट मला काही सांगता येणार नाही. निवृत्त होईपर्यंत ते ठोकलेल्या गाड्यांच्या नुकसानीचा अंदाज विमा कंपन्यांना काढून देत. गाडीभोवती एक चक्कर मारायची, वाकून चाकामागे बघायचं आणि आकडा सांगायचा. आता हीच नजर ते पियानोच्या स्वरलिपीच्या पानांवर टाकतात. साठीनंतर काहीतरी शिकावं म्हणून आम्ही दोघं एकाच महिन्यात कोथरूडमधल्या एकाच बाईंकडे पियानो शिकायला जायला लागलो. बाई आमच्या मुलींच्या वयाच्या. साडूंना त्या म्हणतात, "छान, काका." मला म्हणतात, "छान, काका, पण..."

नवा पीस, म्हणजे वाजवायची नवी रचना, हातात आला की कोणीही पहिली ओळ वाजवून बघतो. साडू पहिल्या पानाकडे ढुंकूनही बघत नाहीत. मंडईत आंब्याच्या पेटीतलं गवत सारून खालचा थर बघावा, तसे ते थेट मधली पानं उघडतात आणि सगळ्यात अवघड दोन ओळी शोधून त्यांच्याभोवती पेन्सिलीने चौकट काढतात. मग आठवडाभर ती चौकट जेवणाच्या टेबलावर बोटांनी वाजवतात, समोर आमटी निवत असली तरी. जमेलसं वाटलं तर पीस घ्यायचा, नाहीतर बाईंना नम्रपणे परत. सरावही त्या चौकटीपासूनच, आणि सोपी सुरुवात सगळ्यात शेवटी. त्यामुळे त्यांच्या शेजाऱ्यांना महिनोन्महिने नुसती संकटं ऐकू येतात आणि मग एके दिवशी अख्खा पीस, स्वच्छ. "गणपतीच्या आधी होईल," असं ते म्हणाले की गणपतीच्या आधी होतो. "भाऊजींचं कसं सगळं ठरवून असतं," असं आमची ही म्हणते, आणि म्हणताना माझ्याकडे बघत नाही, ते जास्त लागतं.

मी पीस आवडला म्हणून घेतो. गेल्या वर्षी असाच एक घेतला. संथ होता, म्हणजे सोपा असणार, असं मला वाटलं. साडूंनी तो आमच्या दिवाणखान्यात उभ्या उभ्याच चाळला.

"हा नको."

"अहो, किती सावकाश आहे."

"संध्याकाळी लक्ष्मी रस्त्यावरून सावकाश स्कूटर नेऊन दाखवा, पाय न टेकता. तिसऱ्या पानावर डाव्या हाताला उड्या आहेत. आपल्या वयाला नाही जमायच्या."

त्याच क्षणी मी ठरवलं, हा पीस वाजवायचाच. संगीताशी याचा काही संबंध नव्हता. या माणसाचा अंदाज एकदा, फक्त एकदा, चुकलेला मला बघायचा होता. पावसाळा गेला, दिवाळी गेली. पहिलं पान बरं वाजू लागलं, दुसरं ओळखू येऊ लागलं. तिसऱ्यावर मात्र डावा हात रोज उडी मारायचा आणि रोज नव्या ठिकाणी उतरायचा.

एका रविवारी साडू आले तेव्हा मी तेच वाजवत होतो. थांबणं म्हणजे हार मानणं, म्हणून तसाच पुढे गेलो आणि तिसऱ्या पानावर त्यांच्यादेखत आपटलो. आता ऐकवतील म्हणून वाट बघत बसलो.

"बोला की," मी म्हटलं. "तुमचंच बरोबर आलं."

"ते येणारच होतं. याचा अंदाज मी तीनदा काढलाय."

"तीनदा कशाला?"

"आवडतो म्हणून." त्यांनी चष्मा काढून पुसला. "आवडीच्या गोष्टीचा अंदाज जरा कडकच घ्यावा लागतो. नाहीतर माणूस फसतो."

"मग वाजवून बघितलात?"

"टेबलावर. तिसरं पान."

"आणि पहिलं?"

"तिसरं होणार नसेल, तर पहिलं कशाला वाजवायचं?"

मग खुर्ची ओढून ते माझ्याशेजारी बसले. "पहिलं पान परत वाजवता का? तेवढंच."

मी वाजवलं. दोनदा चुकलो. त्यांनी टोकलं नाही. त्यांचा डावा हात गुडघ्यावर हलत होता, माझ्यापेक्षा अचूक. पान संपलं तरी मी उलटलं नाही.

"पुन्हा?" मी विचारलं.

"तुम्हाला कंटाळा नसेल तर."

हेवा मला अजून वाटतो. ती बोटं बघितली की वाटणारच. पण हल्ली रविवारी ते येणार असले, की आदल्या दिवशी मी तिसऱ्या पानाला हात लावत नाही. दिवसभर पहिलंच घोटत बसतो.