जीव नेमका कुठे असतो

परदेशात भाषांतराचं एम.ए. करताना सरावासाठी आम्हाला तिथल्या दवाखान्यात दुभाषी म्हणून पाठवत. एकदा लेकीकडे राहायला आलेल्या साताऱ्याच्या एक काकू तपासणीला आल्या. लेक कामावर अडकली होती. खुर्चीत बसून त्यांनी तळहात छातीवर सपाट ठेवला आणि म्हणाल्या, "जीव घाबरा होतोय गं."

मी डॉक्टरांना सांगितलं, "त्यांना भीती वाटतेय." नव्या देशात असं होतंच, असं म्हणत ते मन शांत करणाऱ्या गोळ्या लिहू लागले.

काकूंचा हात मात्र छातीवरून हलेना. तो बघून मी चरकले.

"काकू, भीती कशाची वाटतेय?"

"भीती कसली? दोन पायऱ्या चढले की घाम फुटतोय, श्वास पुरत नाही."

मी घाईघाईने चूक कबूल केली. डॉक्टरांनी कागद बाजूला सारला, हृदयाचा आलेख काढायला लावला आणि काकूंना लगेच दाखल करून घेतलं.

चार दिवसांनी भेटायला गेले, तेव्हा त्या उशीला टेकून चहा पीत होत्या. आपण जीव लावतो, आपला जीव रमतो, कासावीस होतो. पण तो असतो कुठे, हे मला कधी विचारावंसंच वाटलं नव्हतं. आता काकूंनाच विचारलं.

त्या विचारात पडल्या. "हृदयात म्हणावं, तर ते परवा डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. त्यात काही दिसला नाही बाई." मग हसून म्हणाल्या, "तू शिकतेस ना? सापडला तर मलाही सांग."