उमाशंकरचे चार मास्क

मुखेडच्या आसपासच्या दहा-बारा गावांत कुणाच्या विहिरीत मोटार पडली की एकच नाव निघायचं, उमाशंकरचं. कमरेला दोर, छातीत एक श्वास, आणि गडी तळाला. बावीस वर्षांत त्याने मोटारी काढल्या, बादल्या काढल्या, एकदा अख्खी सायकल काढली. ती सायकल विहिरीत गेली कशी, हे मालकाने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

पन्नाशी जवळ आली तसा श्वास आखडला. हे त्याने बायकोला सांगितलं नव्हतं. पण न सांगता तारामतीला कळणार नाही अशी गोष्ट त्या घरात नव्हतीच. तिनेच खटपट करून त्याला ओळीने दोन हिवाळे मालवणला धाडलं. तिथे तो पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली श्वास घ्यायला शिकला, आणि नवख्यांना शिकवायचा दाखलाही घेऊन आला.

नांदेडातल्या एका पोहण्याच्या तलावाच्या मालकाने आठवड्यातल्या दोन दुपारी खोल भाग द्यायचं कबूल केलं. अट एकच होती. महिन्याच्या शेवटच्या रविवारी पहिल्या तुकडीतले चारही जण परीक्षेत पास झाले पाहिजेत, नाहीतर ती वेळ लहान मुलांच्या शिबिराला जाणार. उमाशंकरला ती वेळ हवीच होती. एका श्वासावर विहिरीत उतरायची त्याला आता भीती वाटायची, खरी भीती, आणि दुसरं काही त्याला येत नव्हतं.

चार विद्यार्थी गावातलेच मिळाले, सत्यम, ज्ञानोबा, भागवत आणि सोमेश. मग सामानाची निवड सुरू झाली, आणि आमच्या उमाशंकरच्या अंगात आलं. टाक्या भाड्याने ठरल्या. नाक्यावरचा पंक्चरवाला म्हणाला, ट्रॅक्टरच्या टायरसोबत मीच भरून देतो. उमाशंकरने त्याला अर्धा तास बसवून तेलकट हवेने फुप्फुसाचं काय होतं ते समजावलं. पंक्चरवाल्याने त्या दिवसापासून बिडी सोडली म्हणतात, पण गावात काहीही म्हणतात. पाण्यात तळाला राहता यावं म्हणून कमरेला बांधायच्या शिशाऐवजी तारामतीने बाजारातली दोन किलोची मापं सुचवली. तिला गप्प करून झाल्यावर उमाशंकरने एक माप हळूच कमरेला बांधून पाहिलंच.

पोहताना पायात घालायच्या बदकासारख्या रबरी पंजांसाठी त्याने चौघांना पेपरवर उभं करून पेन्सिलीने पाय आखले आणि फोटो पुण्याच्या दुकानदाराला पाठवले. दुकानदाराने फोन करून अदबीने विचारलं, हे पाय माणसांचेच ना? ढेकळांतून जन्मभर अनवाणी चाललेले पाय ते, प्रत्येक बोट आपल्या मर्जीने वाढलेलं. शेवटी टाचेला पट्टा असलेले पंजे मागवावे लागले.

मास्क मात्र त्याने जातीने निवडला. पाच नमुने मागवले, अंगणातल्या हौदात एकेक लावून डोकं बुडवलं आणि शंभर आकडे मोजले. एकातून थेंबही आत आला नाही. तसले चार मागवले. दुकानदाराने बजावलं होतं, एकदा वापरलेला मास्क परत घेणार नाही. उमाशंकर म्हणाला, परत करतोय कोण.

इथेच शहाणा गडी चुकला. वडील वारले तेव्हा उमाशंकरने मिशी उतरवली होती, ती पुन्हा ठेवलीच नाही. त्याच्या गुळगुळीत ओठावर मास्कचं रबर चिकटून बसायचं. आणि विद्यार्थी होते चार, मिशा चार, एकापेक्षा एक भरघोस.

पहिल्या दिवशी चौघे तीन फूट पाण्यात बसले आणि मोजून दहा आकड्यांत नाकात पाणी जाऊन उठले. मिशीतून पाणी झिरपत होतं. व्हॅसलीन लावून पाहिलं, तर ज्ञानोबाचा मास्क सरकून कपाळावर गेला. उमाशंकर हळूच म्हणाला, मिशा काढाव्या लागतील. चौघेही त्याच्याकडे असे बघायला लागले की त्याला वाटलं, आपण किडनी मागितली.

"सर, बाप जिता हाय माझा," भागवत म्हणाला.

शहरातली पोरं हल्ली हवी तशी तोंडं करून हिंडतात. पण आमच्या गावांत मिशीवाल्या माणसाने एकाएकी मिशी उतरवली की त्याचा अर्थ एकच, आणि तो विचारायची पद्धत नाही.

सत्यम मात्र हौशी. शनिवारच्या बाजारात तो गुरुबसप्पाच्या दुकानात गेला, मिशी काढा म्हणाला आणि मोबाईलवर मासे बघत बसला. गुरुबसप्पाचा हात थांबला. त्याने एक सुस्कारा सोडला आणि एक शब्दही न विचारता डोक्यापासून सुरुवात केली. सत्यमने मान वर केली तेव्हा आरशात टक्कल होतं. गुरुबसप्पाने पैसे घेतले नाहीत. उलट सत्यमच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, माणूस देव होता.

सत्यम एसटीने घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. त्याचे वडील भगवानराव ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. पहिला आला तो शेजारच्या शेताचा बांधकरी. त्याने खाली मान घालून भगवानरावांचेच खांदे धरले आणि हुंदका देत विचारलं, "कधी गेले?" मग मान वर केली आणि ओट्यावरून खाली पडला. दिवेलागणीपर्यंत बावीस जण येऊन गेले. धर्माबादला दिलेली थोरली लेक राजकन्या वेशीपासून रडत आली, ती बापाने पाण्याचा तांब्या पुढे केला तेव्हा थांबली. सत्यमची आई यशोदाबाई सगळ्यांना चहा करून करून शेवटी नवऱ्यावरच चिडल्या.

दुसऱ्या दिवशी तलावावर कुणी आलं नाही. उमाशंकर काठावर एकटाच चार मास्क घेऊन बसला होता. परीक्षेला आठ दिवस उरले होते. तेवढ्यात फाटकातून भगवानराव आले. हातात काठी होती. उमाशंकर उठून उभा राहिला आणि दोन पावलं पाण्याच्या बाजूला सरकला. पण काठी फक्त टेकायलाच होती. भगवानराव बाकावर बसले.

"बावीस माणूस आलं," ते म्हणाले. "लई चांगलं बोलले माझ्याबद्दल. बांधकऱ्याने तर माझा बांध दोन हात कोरल्याचं कबूल केलं. पोरगं तेवढं एक शब्द बोललं न्हाई. टक्कल खाजवत बसलं. बाप मेल्याची हूल उठवली अन् बापाबद्दल बोलायला तोंड न्हाई."

उमाशंकरने पिशवीतून प्रवेशाचे अर्ज काढले. का शिकायचं आहे, असा त्यात एक रकाना होता. बाकी तिघांनी तिथे आवड म्हणून लिहिलं होतं. त्याने सत्यमचा अर्ज वाचून दाखवला: "माझ्या वडिलांना पोहता येत नाही. ते रोज विहिरीच्या काठावर उभं राहून मोटार चालू करतात. ते कधी पडले तर मला खाली उतरता आलं पाहिजे."

भगवानरावांनी अर्ज हातात घेतला, उलटा धरला, सुलटा केला. वाचता येत नव्हतं, तरी बघत राहिले. मग उमाशंकरला म्हणाले, "बाकीच्या तिघांचे बाप माझ्यावर सोडा."

दुसऱ्या दिवशी गुरुबसप्पाच्या दुकानासमोरच्या बाकावर तीन म्हातारे ओळीने बसलेले गावाने पाहिले. आत लेकांच्या मिशा उतरत होत्या आणि बाहेर बाप जिवंत असल्याचा पुरावा म्हणून बसले होते. गुरुबसप्पाने वस्तरा लावण्याआधी प्रत्येक बापाला बाहेर येऊन विचारलं, तुमची मर्जी हाय ना, आणि लेकांच्या डोक्याला हात लावला नाही. ज्ञानोबाचा बाप तेवढा हिरमुसला. त्याच्याकडे रडायला कुणीच आलं नाही.

मास्क चौघांनाही घट्ट बसले. रविवारी मालक घड्याळ घेऊन काठावर उभा राहिला. दहा मिनिटं तळाला बसून राहायचं होतं. उमाशंकरसोबत चौघे खाली गेले आणि वर नुसते बुडबुडे येत राहिले. भगवानराव खुर्ची नाकारून टॉवेल छातीशी धरून उभे होते. पहिल्या दोन मिनिटांत त्यांनी स्वतःच तीनदा श्वास धरला, तोंड लाल केलं आणि सोडला. मग ते बुडबुडे मोजायला लागले. सत्यमचे कुठले, हे कळत नव्हतं, म्हणून सगळेच मोजले.

दहाव्या मिनिटाला पाचही डोकी वर आली. मालकाने घड्याळ बघून, चौघेही पास, अशी मान डोलावली. उमाशंकरने मास्क काढला तेव्हा त्याचे डोळे लाल होते, आणि त्याच्या मास्कमध्ये तर पाणी शिरलं नव्हतं. सत्यम काठाशी आला. भगवानरावांनी वाकून आधी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, "एवढा येळ लावतेत का?" म्हणाले, आणि टॉवेलने त्याचं टक्कल पुसायला लागले. ते कोरडं झालं तरी पुसतच होते.