जननीआईची नथ आणि पांडवांची कपार

माघातला गुरुवार होता. त्या दिवशी आमचं औषधांचं दुकान बंद असतं, म्हणून आम्ही नवरा-बायको सकाळीच भोरच्या स्टँडवर पुण्याच्या गाडीची वाट बघत उभे होतो. ह्यांच्या खांद्याला ती खाकी पिशवी. तिच्यात विजेरी, मापाची फीत, सुतळीचा गुंडा, पेन्सिली आणि माझ्या हट्टापायी एक टॉवेल. ह्यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात नकाशे काढण्यात गेली आणि निवृत्त झाल्याबरोबर लेण्यांचं वेड लागलं. लोक या वयात देवाला लागतात, हे देवाच्या खोल्या मोजायला लागले. कार्ले झालं, भाजे झालं, आपल्या शेजारचं शिरवळ झालं, जुन्नरला तर इतक्यांदा गेलो की तिथला चहावाला मला वहिनी म्हणतो. मी का जाते असं लोक विचारतात. घरी बसून काळजी करण्यापेक्षा बरोबर जाऊन भांडलेलं बरं.

या खेपेला ह्यांना कुणीतरी सांगितलं होतं की वेल्ह्याच्या पुढं एका गावाच्या डोंगरात छोटी लेणी आहेत, पुस्तकात नाहीत, कुणी मोजलेली नाहीत. कुणी मोजलेली नाहीत म्हटल्यावर ह्यांना रात्रभर झोप लागेना.

नसरापूर फाट्याला उतरलो, रिक्षानं गावात आलो आणि पहिल्यांदा पोटाचं बघितलं. गरम भजी, वर मीठ लावलेल्या तळलेल्या मिरच्या. हे मिरची खाताना कधी शहाणपणा दाखवत नाहीत. पुढं वडापमध्ये (माणसं भरल्याशिवाय न हलणारी जीप) बसलो तेव्हा डोळ्यांतून पाणी गाळत होते. शेजारच्या बाईंनी मला हळूच विचारलं, "कुठं मयताला चाललाय व्हय?" मी म्हटलं, नाही हो, डोंगर बघायला. त्यांनी माझ्याकडं फार दयेनं बघितलं.

मार्गासनी मागं पडलं की रस्ता डोंगरांच्या कुशीत शिरतो. भाताची खाचरं रिकामी झालेली, बांधाबांधावर पेंढ्याच्या गंजी, मधूनच एखाद्या तुकड्यात हरभरा आणि वाल. पांगारा फुलायला लागला होता. वेल्ह्यात उतरलो तर तोरणा अगदी डोक्यावर आल्यासारखा उभा. बाजारात चहा घेतला, तहसील कचेरीच्या बाहेर सातबारा हातात घेतलेल्या माणसांची नेहमीची गर्दी बघितली आणि दुधाच्या टेम्पोत पुढच्या बाजूला बसून त्या गावात पोचलो. गावाचं नाव मी लिहीत नाही. का ते पुढं कळेल.

गावाच्या तोंडाशीच देऊळ, गावदेवी जननीआईचं. पुढ्यात पार, पारावर तीनचार माणसं. त्यात एक पांढरी टोपी घातलेले, मिशा राखलेले बबनराव. देवळाचा कारभार त्यांच्याकडं, हे नंतर कळलं. आमचे हे गेले सरळ त्यांच्यापाशी आणि रामराम घालून म्हणाले, "लेणी बघायला आलोय."

बबनराव जरा सावरून बसले. "कुठनं आला म्हनायचं?"

"भोरहून. फार जुनी आहेत म्हणे."

"जुनी हायेत," ते सावकाश म्हणाले. "तुमास्नी कुणी सांगितलं?"

"एका ओळखीच्यानं. बरं, उघडी असतात का कुलूप असतं? आणि रात्रीचं कुणी राखणीला असतं का तिथं?"

पारावरची माणसं एकमेकांकडं बघायला लागली. ह्यांच्या ते गावीही नाही. हे आपले पिशवीतून विजेरी काढून, पेटते का ते बघत पुढं विचारतायत, "अजून कुणी काही उचलून नेलं नाही ना? हल्ली लोक काहीही नेतात. एकूण किती आहेत नेमकी? मला जरा मापं घ्यायची होती."

"बसा हितं," बबनराव म्हणाले. "पानी घ्या." आवाज गोड होता, पण एक माणूस उठून आमच्या मागं जाऊन उभा राहिला आणि दुसरा मोबाईल कानाला लावून देवळामागं गेला. आजूबाजूच्या घरांतून बायका बाहेर आल्या. त्यातली एक दुसरीला म्हणाली, आणि मला ते स्पष्ट ऐकू आलं, "नथ गेली तवाबी आशीच परकी मानसं आलती. बाईमानूस संगं आनत्यात, म्हंजी कुनाला वहीम न्हाई."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लेणं म्हणजे अंगावरचं लेणं. हा माझा नवरा गावात पाऊल ठेवल्याबरोबर देवीचे दागिने किती, कुलूप आहे का आणि रात्री राखण कोण करतं ते विचारत होता, तेही हातात विजेरी घेऊन.

मी पुढं झाले. म्हटलं, "अहो दादा, दागिने नव्हेत. डोंगरातली लेणी. कातळात खोदलेल्या खोल्या असतात ना, त्या."

बबनरावांनी माझ्याकडं बघितलं, ह्यांच्याकडं बघितलं. मग त्यांच्या मिशा हलायला लागल्या. "कपार म्हना की मंग. पांडवांची कपार." आणि जो हशा उठला म्हणता. मोबाईलवाल्याला हाका मारून परत बोलावला. तो बिचारा निम्म्या तालुक्याला कळवून बसला होता. हे मात्र दुखावले. "शुद्ध मराठी शब्द आहे तो," असं पुटपुटत राहिले. मी म्हटलं, आता शुद्ध मराठीत गप्प बसा.

जेवल्याशिवाय वर जायचं नाही असं ठरलं, म्हणजे त्यांनीच ठरवलं. आम्हाला देवळाच्या पुजारीणबाईंच्या घरी नेलं. सगुणाबाई. गुरवाच्या घरातल्या, नवरा वारलेला, साठीच्या आसपास, काटक. तांदळाची भाकरी, वालाची उसळ, लसणाची चटणी. ती भाकरी इतकी मऊ होती की मी लाज सोडून तिसरी मागितली. हे बाहेर बबनरावांशी दगडाच्या जातींवर बोलत बसले होते, आत आम्ही दोघीच. मी सहज विचारलं, नथीचं काय झालं हो?

सगुणाबाईंनी तव्यावरची भाकरी उतरवली. मग त्यांनी सांगितलं. चैताच्या जत्रेला जननीआईचा मुखवटा पालखीतून वर कपारीत नेतात. तिथल्या टाक्याच्या पाण्यानं आईला अंघोळ. त्या वेळी दाराला पडदा लावायचा आणि आत एकट्या पुजारणीनं राहायचं. ती अंगावरचे दागिने उतरवते, अंघोळ घालते, परत चढवते. मागच्या चैतात परत चढवताना नथ सापडली नाही. टाकं उपसलं, कोपरा न् कोपरा झाडला.

"मला कुनी काय बोललं न्हाई बगा," त्या म्हणाल्या. "चोर म्हनलं आसतं तर भांडले तरी आसते. नुसती दागिन्याची पेटी घरातनं नेली. समदं गाव आलतं न्यायला. आता ह्या चैताला अंगोळ दुसऱ्या कुनी घालायची आसं चाललंय. सासूपासनं आमच्या घरातलं काम त्ये. त्ये गेलं म्हंजी म्या चोर, आसं दगडावं लिवल्यावानी व्हनार."

काय बोलणार? भाकरी फार चांगली झालीये म्हटलं.

जेवणं झाल्यावर आम्ही वर निघालो. बबनराव वाट दाखवायला आले, आणि सगुणाबाईही आल्या, कारण पौर्णिमा तोंडावर आली होती आणि कपार झाडायची होती. केरसुणी त्यांच्या हातात. दोघं एकाच वाटेनं चालत होते, पण एकमेकांशी एक शब्द नाही. बबनराव पुढं, मग आम्ही, आणि त्या बऱ्याच मागं. चढ सोपा नव्हता. करवंदीच्या जाळीतून वाट, मग घसरडा मुरूम. तिथं हे बसकण मारून चांगले पाचसहा हात खाली गेले आणि तरी पिशवी वर धरून होते. टॉवेल तिथं कामाला आला, हे मी त्यांना लगेच ऐकवलं.

आणि मग एका वळणावर कपार दिसली. मी कुरकुर करत चढले होते, पण खरं सांगते, बघून जीव निवला. काळ्या कातळात लहानशी ओसरी, पुढं दोन खांब, त्यातला एक अर्धा तुटून छताला लोंबणारा. आत चौकोनी दालन, भिंतीलगत बसायला कट्टा, मागं तीन खोल्या, माणूस आडवा झाला की भरेल एवढ्या. पावसाळ्याचे महिने बौद्ध भिक्षू अशा ठिकाणी राहत, असं ह्यांनी सांगितलं. मधल्या खोलीत नंतर कुणीतरी महादेवाची पिंड बसवलेली. उजव्या भिंतीवर मांडी घालून बसलेली एक मूर्ती, शेंदरानं आणि काळानं इतकी गुळगुळीत झालेली की नाकडोळे उरलेच नाहीत. हे गुडघ्यावर बसून ती निरखत राहिले. बुद्ध म्हणावा तर वस्त्राची रेघ नाही, जैन तीर्थंकर म्हणावा तर छातीवरची खूण झिजलेली.

"आमी त्याला धर्मराज म्हंतो," बबनराव म्हणाले. "तुमी काय म्हनाल त्ये म्हना. त्यो कुनाला उठवत न्हाई, हितं बसलं की बरं वाटतं." शेजारच्या टाक्याचं पाणी आम्ही ओंजळीनं प्यायलो. थंडगार आणि किंचित गोड.

ह्यांनी फीत काढली. टोक मी धरायचं, हा आमच्या संसारातला करारच आहे. ओसरी झाली, दालन झालं, दारापाशी आलो. उंबऱ्याजवळ जमिनीत वाटीएवढं एक खोल भोक होतं, वरपर्यंत माती, गुलाल आणि सुकलेल्या फुलांनी भरलेलं.

"हे बघ, दाराची खाच," हे खुशीत येऊन म्हणाले. "इथं लाकडी दार फिरायचं. बरोब्बर हिच्यावर छतात दुसरी असणार." आणि पेन्सिलीनं माती उकरायला लागले. खोली मोजल्याशिवाय ह्यांना चैन पडत नाही.

"त्ये दाराचं न्हाई," बबनराव म्हणाले. "आईच्या काठीचं हाय. आत आईची अंगोळ सुरू झाली की हितं काठी (देवीच्या निशाणाचा उंच बांबू) रोवत्यात. त्यात हात घालू नगा, इच्चू आसतो."

तोपर्यंत ह्यांनी दोन बोटं आत घातलीसुद्धा. मी ओरडणार, एवढ्यात ते म्हणाले, "काहीतरी टोचतंय." आणि बाहेर काढलं ते तळव्यावर ठेवून फुंकर मारली. गुलालाचा गोळा फुटला. आत चेपलेली सोन्याची तार आणि तिच्यात मोती.

बबनरावांनी टोपी काढली. का काढली ते त्यांनाही सांगता आलं नसतं. "पडदा ह्याच दाराला बांदत्यात," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "उंबऱ्यावं ठिवली आसंल, घरंगळली आसंल. वरनं आमीच काठी रोवली. हुडकताना काठी हितंच हुबी हुती. कुनाच्या ध्यानातच आलं न्हाई."

सगुणाबाई आतल्या खोलीत झाडत होत्या. बबनरावांनी हाक मारली तेव्हा केरसुणीसकट बाहेर आल्या. नथ बघितली. मला वाटलं रडतील, निदान कट्ट्यावर बसतील. त्यांनी फक्त पदर खोचला. बबनराव नथ पुढं करून म्हणाले, "घ्या, वैनी."

"माझ्या हातात देऊ नगा," त्या म्हणाल्या. "आदी पेटी आना. न्यायला समदं गाव आलतं, आनायलाबी समद्यांनीच या." आणि उरलेली कपार झाडायला आत गेल्या. ह्यांनी फीत गुंडाळली. मागच्या खोल्या मोजायच्या राहिल्या होत्या, तरी ती सरळ पिशवीत गेली. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्या क्षणी मला ह्यांचा फार अभिमान वाटला.

खाली उतरेपर्यंत मोबाईलनं आपलं काम केलं होतं. ऊन कलताना नथ आत ठेवून पेटी निघाली. बबनरावांच्या डोक्यावर पेटी, मागं पुरुष, बायका, कामावरून तसेच आलेले, शेणानं भरलेल्या हातांचे. वाजंत्री नाही, गुलाल नाही. मघाशी परक्या माणसांविषयी बोलणारी ती बाई सगळ्यांत पुढं होती आणि मोकळेपणानं रडत होती. सगुणाबाई आपल्या घराच्या दारात उभ्या होत्या. बबनराव म्हणाले, "वैनी, चुकलं आमचं. समद्यांचंच चुकलं." त्यांनी पेटी घेतली आणि देवळात गेल्या. मला मात्र खुणेनं बोलावलं, निरांजन धरायला.

गाभाऱ्यात आम्ही दोघीच. त्यांनी नथ दातांत धरून तार सरळ केली, दुधानं धुतली, पदरानं पुसली आणि आईच्या नाकात घातली. जरा मागं सरून बघितलं, वाकडी बसली होती ती नीट केली. मग थोरल्या बहिणीशी बोलावं तशा हळूच म्हणाल्या, "वरीसभर समदं बगत बसलीस. एक शबुद बोलली आसतीस तर तुजं काय गेलं आसतं?" आणि तेव्हा कुठं रडल्या. मीही रडले, निरांजन हलू न देता.

नंतर चहा झाला, अख्ख्या गावाला, त्यांच्याच चुलीवर. चैताच्या अंघोळीला आईसमोर त्याच बसणार, हे चहा पितापिताच ठरून गेलं, कुणी वेगळं विचारलंही नाही. निघताना बबनराव ह्यांना म्हणाले, "पेपरात काय लिवू नगा. लोकं यायला लागली की कपारीचं वाटोळं व्हतं." म्हणून गावाचं नाव लिहिलेलं नाही. नकाशाही अर्धाच आहे.

परतीच्या टेम्पोत दुधाच्या किटल्या खणखणत होत्या आणि तोरण्यावर शेवटचं ऊन होतं. ज्यांनी ती कपार खोदली, त्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत. त्यांच्यानंतर कोण कोण येऊन तिथं बसलं, तेही नाही. आणि खाली गावात एका बाईनं आपलं नाव वर्षभर एकटीनं सांभाळलं होतं. कपार मला आवडलीच, पण मनात बसल्या त्या सगुणाबाई.

ह्यांनी विचारलं, "आत काय म्हणत होत्या गं त्या देवीला?" मी सांगितलं. वेल्ह्याचे दिवे दिसायला लागले तेव्हा हे म्हणाले, "मग? देवी काय बोलली?"

मी म्हटलं, "बोलली की. तुम्हाला पाठवलं."