लिडिया पुढं बघून नाचली

लिडियाबद्दल सांगायचं तर आधी माझ्या भावाला चार शब्द सुनावावे लागतील. इरविन माझा धाकटा भाऊ, लिडिया त्याची बायको. दोघांची ओळख झाली आमच्या गावच्या नाचघरात. आमच्या आईवडिलांचीही तिथंच झालेली, आणि आम्ही सगळी भावंडं तिथल्याच टेबलांखाली गोधडीवर झोपून मोठी झालो. टेक्सासात येऊन वसलेल्या आमच्या चेक लोकांच्या घरांतून लग्नं अशीच जुळत आली.

लिडिया कापूसवाल्याची मुलगी. शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांना वाढलं, घरी येऊन गाईंचं केलं, आणि शनिवारी संध्याकाळी बूट पुसून नाचायला हजर. जोडीच्या नाचात पुरुष पुढं चालतो आणि बाई उलटी. भिंतीलगतच्या कडेनं, डावीकडं वळत वळत, जोड्या नाचघराला फेऱ्या घालतात. ती बाहेरची वाट जोड्यांची, तिथं कुणी मध्ये उभं राहायचं नाही. लिडिया म्हणायची, "अल्बिना, अर्धं आयुष्य मी पाठमोरी चाललेय. पुढं काय आहे ते तुझ्या भावालाच ठाऊक."

"कधी धडकू दिलंय का तुला?" इरविन विचारायचा.

"नाही बाबा. पण कधी काही दिसूही दिलं नाहीस."

मग ते गाणं आलं. बायको सोडून गेली, जाताना लाल पिकअप गाडी घेऊन गेली, आणि गाणारा रडतोय तो पिकअपसाठी! त्या उन्हाळ्यात रेडिओ लावा, तेच. खाटकाच्या दुकानात तेच. आमच्या चर्चचे फादर ते गुणगुणताना मी स्वतः ऐकलेत. आणि त्यावरचा तो रांगेतला नाच! नाचघराच्या मधोमध रांगा करायच्या, जोडीदाराची गरज नाही. सगळ्यांनी एकदम पावलं टाकायची, टाचा आपटायच्या, डावीकडच्या भिंतीकडं तोंड करायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. शाळकरी पोरींपासून म्हाताऱ्या विधवांपर्यंत सगळं गाव रांगेत उभं.

इरविनचं डोकंच फिरायचं. "हा काय नाच आहे? ही तर कवायत! हात धरायचा नाही तर घरीच उड्या मारा की."

पुढच्याच हिवाळ्यात त्याला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, बोलणं परतलं, पण डावा पाय गेला तो गेलाच. हातात काठी आली. उन्हं तापायला लागल्यावर दोघं पुन्हा शनिवारी येऊ लागली, पण नुसती बसायला. किती चांगल्या माणसांनी लिडियाला नाचायला बोलावलं. तिचं एकच, "हा बसलाय तोवर मी दुसऱ्याचा हात धरायची नाही."

"मग रांगेत जा की बाई," मी म्हटलं. "तिथं कुणाचा हात आहे?"

"त्याला तो नाच आवडत नाही गं."

असा संताप यायचा मला! टेबलाखाली हिचा पाय ठेका धरतोय, आणि वर चेहरा असा, जणू काही ऐकूच येत नाही. नाचल्याशिवाय ही बाई वाळत चालली होती, आणि तो पठ्ठ्या बिअर पीत शेजारी बसलेला.

एका दुपारी अंडी द्यायला गेले तर खिडकीतून काय दिसावं! चुलीवर शेवयांचं सूप उकळतंय, रेडिओवर ते लाल पिकअप, आणि लिडिया एप्रन लावून एकटीच नाचतेय. एक पाऊल चुकत नव्हतं. मला बघताच तिनं झटकन रेडिओ बंद केला.

"त्याला सांगू नकोस हं. त्याला वाटेल, त्याच्यावाचून माझं अडत नाही."

सांगू नकोस म्हणे! माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे अख्ख्या गावाला माहीत. मी तडक गोठ्यात गेले आणि इरविनला म्हटलं, "तुझ्यापायी तुझी बायको चोरून नाचतेय. लाज वाटू दे जरा."

त्यानं गाईपुढं पेंढी टाकली. मग म्हणाला, "चांगलं नाचते का गं?"

"तुझ्यापेक्षा तरी चांगलं."

त्या शनिवारी तो काठी टेकत बँडपाशी गेला. ढोलवाला लँबर्ट त्याचा शाळेपासूनचा दोस्त. "ते पिकअपचं वाजव," इरविन म्हणाला.

"ताप आलाय का तुला?"

"वाजव म्हटलं ना!"

परत येऊन तो लिडियाला म्हणाला, "ऊठ. तुझं गाणं लागतंय. अल्बिनानं सगळं सांगितलंय मला."

लिडियानं माझ्याकडं असं पाहिलं की मी नजर वळवली. "जा," तो म्हणाला. "मी कुठं पळून चाललोय?"

ती गेली. आमच्याकडं तोंड करून रांगेत उभी राहिली, गाणं सुरू झालं, पावलं नीट पडली. मग रांग डावीकडं वळली आणि आम्ही तिला दिसेनासे झालो. झालं! बाई मान वळवून वळवून मागं बघायला लागली, पावलं चुकली, शेजारणीला धक्का लागला. आता ही परत येऊन बसणार आणि पुन्हा कधी उठायची नाही, माझी खात्रीच झाली.

तेवढ्यात इरविन उठला. मला वाटलं, बाहेर निघालाय. पण तो भिंतीलगत जोड्यांच्या वाटेवर उतरला आणि एकटाच चालायला लागला. रांग डावीकडं वळत होती आणि तोही डावीकडंच निघाला होता, पण त्या पायानं गाठणार कसा? तो अर्ध्या वाटेत असतानाच रांग पुढच्या भिंतीकडं वळली.

लँबर्टनं ढोलावरून ते पाहिलं आणि ठेका हळू केला. पोरं ओरडली, "अहो, बॅटरी संपली का?" मग त्यांनाही इरविन दिसला. ओरडा थांबला आणि सगळ्यांची पावलं संथ झाली. काठी, पाय, काठी, पाय, त्याच ठेक्यावर ते रडकं गाणं चाललं. आता रांग ज्या भिंतीकडं वळेल तिथं इरविन येऊन पोचलेला. लिडियाची मान सरळ झाली. गाणं केव्हाच संपायला हवं होतं, पण इरविन खुर्चीपाशी येईपर्यंत लँबर्टनं ते संपू दिलं नाही. मी रडले, सांगायला लाज कसली.

लिडिया घामाघूम होऊन आली. इरविनला धाप लागली होती, तरी खोड जाते थोडीच? "काय मग," तो म्हणाला, "एवढ्या वर्षांनी पुढं बघून नाचलीस. काय दिसलं?"

"काय दिसणार?" ती म्हणाली. "जिकडं वळावं तिकडं तूच."