मुलाखतीतला मध्यस्थ

बी.एस्सी. होऊन तीन वर्षं झाली होती आणि देशातली एकही भरती मी सोडली नव्हती. बँक, रेल्वे, पोस्ट, विमा. कुठे दोन मार्कांनी हुकलं, कुठे अर्ध्याने. एकेका जागेसाठी अख्खा देश रांगेत उभा, आणि त्या रांगेत साखरखेर्ड्याची मी. शेवटी बाबांनी निकाल देऊन टाकला. दिवाळीपर्यंत नोकरी लागली तर ठीक, नाहीतर पाहुणे येतील. पाहुणे म्हणजे मुलाकडची माणसं, मला बघायला. तेही मामांनी ठरवून ठेवले होते.

मामा म्हणजे पंचक्रोशीतले मध्यस्थ. सोयरिकी जुळवणं हा त्यांचा धंदा नव्हता, व्यसन होतं.

दसऱ्यानंतर पुण्याच्या एका कंपनीची ऑनलाइन मुलाखत आली. ग्राहकांच्या तक्रारी सोडवायचं काम होतं. दिवाळीआधीची ही शेवटचीच संधी. मामा आदल्या दिवशीच येऊन थडकले. मुलाखत कशी असते ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण अनोळखी माणसं मुलीला प्रश्न विचारतात आणि मग पसंत की नापसंत ठरवतात, एवढं कळल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. यातलं त्यांना कोण शिकवणार?

"चष्मा काढ आधी," ते म्हणाले. "चष्म्याची पोरगी म्हणलं तं अर्धे लोक चहा न पेता उठतात. अन् नजर खाली ठेवजो. टुकूटुकू पाहू नको त्याइच्याकडं."

मी इतकी घाबरलेली होते की ऐकलं. आईने पोहे केले. कोणासाठी, हे विचारायची सोय नव्हती.

रेंज फक्त पुढच्या खोलीत यायची. मी खुर्चीत, लॅपटॉप स्टुलावर आणि लॅपटॉपमागे सतरंजीवर बाबा, आई, मामा असे ओळीने बसलेले. पडद्यावर एक बाई आल्या. म्हणजे गुलाबी रंगाचं काहीतरी आलं, मला तेवढंच दिसत होतं. नाव झालं, शिक्षण झालं, सगळं इंग्रजीतून. मग त्यांनी विचारलं, हीच नोकरी का हवी?

याचं उत्तर मी पाठ केलं नव्हतं, म्हणून खरं बोलले. शाळेत होते तेव्हापासून गल्लीतल्या बायकांचे बँकेचे फॉर्म मीच भरते, कोणाचं आधार लिंक होत नाही, कोणाची पेन्शन अडते, ते सुटलं की त्या बाईचा चेहरा बघायला मला आवडतं, हे सांगत गेले. मराठीत कधी घसरले कळलंही नाही. चांगली पाच मिनिटं बोलले असेन, सगळी स्टुलाच्या पायाकडे बघत.

"तुम्ही खाली बघून वाचताय का?" बाईंनी विचारलं. "जरा लॅपटॉप फिरवून खोली दाखवा."

फिरवला. पुण्याला बाबा दिसले, आई दिसली, पोह्यांची ताटली दिसली आणि नवी टोपी घातलेले मामा दिसले. मामांनी हात जोडले. आता सापडलोच आहोत तर मध्यस्थी करून घ्यावी, असं त्यांना वाटलं असावं.

"नमस्कार मॅडम. पोरगी वाचत नाही, लाजून राह्यली. मीच सांगतलं व्हतं तिले. एक इचारू का? याच्या आधी जी पोरगी तुमच्याकडं व्हती, तिनं काऊन सोडलं?"

पुण्याहून उत्तर आलं, "त्यांचं वैयक्तिक कारण होतं."

"सगळे असंच सांगतात," मामा बाबांना म्हणाले, तेही मोठ्याने. "चौकशी करा लागन."

दोन दिवसांनी नकाराची मेल आली. मी मामांना फोन केला आणि तोंडाला येईल ते बोलले. तीन वर्षांचा अभ्यास तुम्ही पोह्यांत कालवला, असंही म्हणाले. त्यांनी फोन न ठेवता सगळं ऐकून घेतलं. मग मी पोटभर रडले आणि पाहुण्यांची वाट बघायला लागले.

पाहुण्यांच्या आदल्या दिवशी मामा एकटेच आले. पाणी प्यायले आणि बाबांना म्हणाले, "भाऊजी, पाहुण्यायले मी येऊ नका म्हणून सांगतलं."

"काऊन बे? शब्द देला व्हता तू त्याइले," बाबा तडकले.

"देला व्हता. पण आपण पाहण्यात पोरीले काय इचारतो? नाव सांग, शिक्षण सांग, जाय आत. त्या मॅडमनं इचारलं, तुले हेच काम काऊन पायजे, तं ही केवढी बोलली. मी आयकत बसलो. पाळण्यात पाह्यली मी हिले, अन् मले यातलं काहीच ठाऊक नव्हतं." मग हळू आवाजात म्हणाले, "एक वर्ष द्या तिले अजून."

बाबा बराच वेळ टाचेवरची भेग कुरतडत बसले. "एकच," ते म्हणाले.

मी आतून सगळं ऐकत होते. राग गेला नव्हता, तरी चहा घेऊन बाहेर आले. मामांनी कप घेतला, खाली ठेवला आणि विचारलं, "तुले काय वाटते, बाई?"

इतक्या वर्षांत घरात हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी सतरंजीवर त्यांच्या शेजारी बसले आणि सांगायला लागले.