पायरीवरचे वाघ

भास्करनानांची आणि माझी ओळख झाली ती ते अडथळा आणत असताना. धरणगावात मारुतीच्या ओट्याला नवी फरशी बसवायची होती आणि निवृत्त इतिहास-शिक्षक नाना खालच्या पायरीवर ठाण मांडून बसले होते. जळगावहून बातमीसाठी मी पोहोचलो, तेव्हा गवंडी हात जोडून विनवत होता, "नाना, उठा ना आते. फरशी बसाडनी शे."

"बसाड ना भाऊ. मी बठेल शे तितली जागा सोडीसन बाकी बठ्ठीकडे बसाड."

नानांच्या खाली, दगडावर, वाघ-बकरीचा पट कोरलेला होता. कोणी, कधी, ठाऊक नाही. चिंचोक्यांच्या बकऱ्या आणि खड्यांचे वाघ सरकवून त्या रेघा गुळगुळीत झाल्या होत्या. शेवटी देवळाचे पंच कंटाळले, पायरी वाचली.

माणसं रिकाम्या वेळात काय करतात, हा नानांचा आयुष्यभराचा अभ्यास. राजांच्या लढायांइतक्याच त्यांच्या सोंगट्याही त्यांनी वर्गात शिकवल्या. परीक्षेत मात्र लढायाच यायच्या, याचं त्यांना अजून वाईट वाटतं. ते सांगत, "शिकार करणारा पोट भरलं की नाचायचा. शेतकऱ्याची फुरसत हंगाम ठरवायचा. कापसाच्या जिनिंगचा भोंगा आला आणि फुरसतीलाही पाळी लागली. तरीही ती गावाची होती. टीव्हीने ती घरात नेली, मोबाइलने तळहातावर." मोबाइलवर त्यांचा राग नाही. धुळ्याच्या नातीशी ते त्याच्यावरच बुद्धिबळ खेळतात आणि हरले की नेटवर्कला दोष देतात.

मी मूळचा संस्कृतचा विद्यार्थी, हे कळल्यावर त्यांनी विचारलं, "तुमच्या पंडितांकडे फुरसतीला शब्द कोणता?" मी उत्साहाने चार सांगितले. "चार? म्हणजे त्यांना भरपूर होती," नाना म्हणाले. तेव्हापासून मी त्यांच्यासमोर व्युत्पत्ती जपून काढतो.

माझ्या वडिलांना अर्धांगवायू झाला, तेव्हा नाना दर रविवारी बसने जळगावला येत. पुठ्ठ्यावर पट आखत, दोघे खेळत. वडील बहुतेक वेळा हरत. न राहवून मी एकदा म्हणालो, "नाना, एखादा डाव सोडा की त्यांना." नाना चिडले, "आजारी आहेत ते, लहान नाहीत." वडिलांनी जिंकलेला पहिला डाव आमच्या घरात अजून सांगितला जातो.

पण नानांचीही एक चूक झाली. पायरी जपायची म्हणून त्यांनी पटाभोवती पांढरी चौकट रंगवली आणि बाजूला लिहिलं : येथे पाय देऊ नये. इतिहासाच्या शिक्षकाने आपल्या माणसांना एवढं कमी ओळखावं? शनिवारी कोणीतरी शेंदूर वाहिला. पुढच्या शनिवारी नारळ फुटला. महिन्याभरात पटावर हार पडू लागले आणि रोज तिथे खेळणारी चार म्हातारी माणसं लांबून नमस्कार करू लागली. दगड वाचला, खेळ मात्र गेला.

नानांना ते जिव्हारी लागलं. "मी पायरीवर बसलो होतो ते खेळासाठी हो," ते मला म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बादलीभर पाणी आणून शेंदूर धुतला, खडे मांडले आणि वाट पाहत बसले. माणसं जमली, पुढे मात्र कोणी येईना. एकजण कुजबुजला, "नाना, देवना कोप व्हई." नानांचा चेहरा पहिल्यांदाच पडलेला पाहिला.

तेवढ्यात गर्दीतून सखूअक्का आल्या. पहिला नारळ त्यांनीच फोडलेला. आता भांडण होणार म्हणून मी वही काढली. अक्कांनी पटाला नमस्कार केला, पदर खोचला आणि समोर बसल्या.

"देवले बी कटाळा येस ना! एकला कितला बठी? चला, वाघ तुमना, बकऱ्या मन्या."

त्या दिवशी अक्कांच्या बकऱ्यांनी नानांचे वाघ कोंडले. आता तिथे रोज संध्याकाळी डाव पडतो. शनिवारी आधी नारळ, मग खेळ.

नाना पंचाहत्तरीचे झाले, तरी अक्कांशी त्यांनी अजून एकही डाव जिंकलेला नाही. तो जिंकेपर्यंत नानांना निरोगी आयुष्य लाभो; आणि तो लवकर जिंकता येऊ नये म्हणून अक्कांनाही.